चाळीस चिरफळ्या

रस्त्यात लागला? छे हो बाई, हा रस्त्यात लागणारा खिळा नाही. रस्त्यात खडी असते, धारदार दगड असतात, गेल्या वर्षी तर एकाच्या टायरमधून मी मूस हरणाच्या शिंगाचं टोक काढलं—पण खिळा? इथून रॉस रिव्हर गावापर्यंत खिळा पाडायला रस्त्यावर माणूस तरी हवं ना! हा बघा, निघाला. चार इंची. आणि रंग बघा—पिवळा. रस्त्यावरच्या पट्ट्यांचा रंग उरला होता, तो मी माझ्या हातानं लावलाय. असले खिळे एकाच फळीला आहेत, आणि ती फळी एकाच दाराशी असते. आता परत सांगा, काल मुक्काम कुठे होता? सरकारी कॅम्पग्राउंडवर. हं. तुमचा नवरापण तेच म्हणाला. म्हणाला, मस्त जागा, नळाला थंडगार पाणी—आणि लगेच पोरांना घेऊन तळ्याकडे सटकला. तिथला नळ जूनपासून बंद आहे, बाई.

बसा, त्या डब्यावर बसा. टायरला आतून ठिगळ लावायचंय, मग चढवायचा, तीन चाकांवर तुम्ही काही पळून जात नाही. घाबरू नका, मी पोलीस नाही—वर्ना म्हणतात मला, टायर आणि डिझेल, बस. तळ्याकाठच्या त्या झोपडीला आम्ही कुलूप लावतच नाही. कुणीही यावं, झोपावं. अस्वलं दार फोडतात म्हणून दाराशी ही खिळ्यांची फळी—आत जाताना उचलायची, खिळे भिंतीकडे करून टेकवायची, निघताना परत दाराशी. आणि तुम्ही काय केलंत? गवतात टाकली, खिळे वर, आणि सकाळी त्यावरूनच गाडी मागे घेतली! फळी कुजकी, म्हणून खिळा सुटून तुमच्यासोबत आला. एवढं अख्खं घर चाकांवर घेऊन फिरता—पलंग, फ्रिज, टीव्ही, न्हाणीघर—मग आमच्या झोपडीत कशाला शिरलात? ...हीटर बंद पडला. पोरं कुडकुडत होती. बरं. सप्टेंबरात होतं तसं. पण मग नळाची गोष्ट कशाला रचायची? लपवण्यासारखं काय होतं त्यात? हेच माझ्या डोक्यात जातं. मोटरहोमवाला आला आणि गोड बोलला की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकतेच.

झोपल्याचं मला काही नाही. मला एकच सांगा—निघताना शेगडीत काय ठेवलंत? केर काढला ते राहू द्या, केराला कोण विचारतंय! शेगडीत. आपण जाळलं तेवढं सरपण फोडून ठेवायचं, आणि शेगडीत पुढचा जाळ रचूनच निघायचं—खाली बर्च झाडाची साल, वर बारीक चिरफळ्या, त्यावर जरा जाड, आणि काड्यापेटीतल्या चार काड्या अर्ध्या बाहेर ओढून ठेवायच्या. येणाऱ्याची बोटं गोठलेली असली तर दातांनी तरी ओढता याव्यात. पुढच्या माणसासाठी, असं म्हणतो आम्ही. लहानपणापासून सांगतात, कुणी विसरत नाही. ...तुमच्या थोरलीनं फोडल्या? म्हणजे तिच्या अंगठ्याला ती पट्टी—हं, पाहिली मी. अंगठ्याला काय, कशानंही लागतं. मी संध्याकाळी जाऊन बघणारच आहे.

उगाच नाही विचारत. माझा धाकटा भाऊ, अमोस. चार हिवाळे झाले. फेब्रुवारीत सापळे बघायला गेला, तळ्यावर गोठलेल्या थरावर पाणी आलेलं, त्यावर भुसभुशीत हिम, म्हणून ते वरून दिसत नाही—स्नोमोबाईल रुतली, हा कमरेपर्यंत भिजला. उणे पंचेचाळीस. झोपडी हाकेच्या अंतरावर. पोचला, बरं का. दार उघडलं, आत गेला, दार लावून घेतलं. सगळं बरोबर केलं त्यानं. आणि शेगडी रिकामी. नुसती राख. ओंडके होते, कुऱ्हाड होती, पण त्या बोटांनी कुऱ्हाड कशी धरणार? अख्ख्या ओंडक्याला काड्या लावत बसला. अकरा जळक्या काड्या होत्या जमिनीवर. दोन दिवसांनी आम्ही आणायला गेलो, मी आणि रोझलीचा भाऊ—रोझली म्हणजे माझी भावजय, अमोसची बायको.

शेवटचं कोण होतं तिथे? हे काय विचारणं झालं! मोटरहोमवाले. हिरवी गाडी, सास्काचेवानची, आई-बाप आणि दहा वर्षांची एक पोरगी, लारिसा. आधीच्या सप्टेंबरात आले होते, असेच, पिवळी पानं असताना. त्यांच्यानंतर कुणी नाही. मीच सांगितलं सगळ्यांना. माझ्या टायरच्या वहीत त्यांचा पत्ता होता, तो मी रोझलीला दिला, आणि तिनं पत्र लिहिलं—तुमच्या आळसापायी माझा नवरा गेला. चांगलं सुनावलं. मग तिकडून काय यावं? पत्र नाही. पार्सल. आत चिरफळ्यांची जुडी, निळ्या लोकरीनं बांधलेली, आणि पोरीच्या अक्षरात चिठ्ठी—पुढच्या माणसासाठी. रोझलीनं ती माझ्यापुढे आणून आपटली, म्हणाली जाळ. दर नोव्हेंबरात अशी एक जुडी येते. चार झाल्या. आत माझ्या मांडणीवर आहेत. दरवर्षी आधीपेक्षा बारीक, आधीपेक्षा सरळ. शिकली पोरगी. ...नाही जाळल्या. राहून गेलं.

काय? वही? हो, आहे झोपडीत वही, येणारा-जाणारा लिहितो. तुम्ही ती वाचत बसलात? पान... कुठलं पान? अहो, उंदीर कुरतडतात, उंदीर फार झालेत तिथे. सरळ कापलंय? मग—मग कुणी शेगडी पेटवायला घेतलं असेल! आणि त्याच सप्टेंबरचं पान नाही, हे तुम्हाला कसं कळलं? तारखा बघितल्या. ऑगस्टवरून एकदम मार्च. तुमच्या थोरलीला भारी चौकश्या. थांबा. थांबा जरा. तुम्हाला रोझलीनं पाठवलंय का? तुमच्या गाडीची नंबरपाटी कुठली—अल्बर्टा. अल्बर्टा म्हणजे सास्काचेवानला लागूनच की! ओळखता तुम्ही त्यांना? नाही? मग माझ्याकडे असं का बघताय?

त्या पानावर लारिसानं लिहिलं होतं काहीतरी, पोरं लिहितात तसं—मी चाळीस चिरफळ्या फोडल्या, बाबांनी मदत केली नाही. लिहायला काय जातं? पण फोडल्या होत्या हो. अंगठ्याएवढ्या जाड, वाकड्यातिकड्या, एकीला तर गाठ तशीच, आणि शेगडीत विटांसारख्या रचलेल्या, खाली सालीऐवजी वर्तमानपत्राचे बोळे—मला हसूच आलं बघून—

म्हणजे, येईल ना हसू. कुणालाही.

नको ना अशी बघूस. ऐक, माझ्या रोझलीएवढीच असशील तू. ऑक्टोबर होता. मी मूसच्या मागे गेले होते, दिवसभर पाऊस, त्यात हिमाचा भुगा, नखशिखांत भिजले होते. पेटवल्या. एका काडीत पेटल्या, इतक्या छान! त्या पोरीचं नाव घेत चहा प्यायले. सकाळी इथे डिझेलचा टँकर यायचा होता, मला उठायला उशीर झाला, कुऱ्हाड हातात घेतली—घेतली होती गं हातात—आणि परत ठेवली. म्हटलं, पुढच्या आठवड्यात येणारच आहे, तेव्हा नीट फोडून रचून जाईन. आणि टँकर? टँकर दुपारी आला मेला! मग बर्फ पडला, रस्ता बुजला. त्या पोरीच्या पानामागेच मी माझं नाव लिहिलं होतं, तारखेसकट. अमोसला आणायला गेलो तेव्हा रोझलीचा भाऊ बाहेर घसरगाडी बांधत होता, आणि मी चाकू काढला. माझा भाऊ तिथे पडलेला, आणि मी वहीचं पान कापत होते. लाज वाटते मला, रोज वाटते. सांगायला म्हणून तोंड उघडते आणि नेमकी रोझली म्हणते, वर्ना, तू होतीस म्हणून मी उभी राहिले. मग काय सांगू तिला? पान आहे माझ्याकडे, जाळलं नाही, त्या जुड्यांच्या खालीच ठेवलंय. त्या पोरीला पाठवायचंय. पंधरा वर्षांची असेल आता. तिला वाटत असेल, आपणच कुठेतरी कमी पडलो, आपल्याच चिरफळ्या पेटल्या नाहीत—

हां. बसलं ठिगळ. चढवते. तुझा नवरा येतोय बघ पोरांना घेऊन. आणि ती धूळ कसली? निळी गाडी. अगं देवा, आज गुरुवार! रोझली गुरुवारी धुणं घेऊन येते, माझ्याकडे मशीन आहे ना. उठा. उठा बाई, झालं तुमचं काम, हा शेवटचा नट. खिळा राहू द्या माझ्याकडे. नाही, मी सांगेन तिला, माझं मी सांगेन, आजच सांगेन, तुम्ही मध्ये पडू नका. पोरांना गाडीत बसवा. थोरलीलाही. तिला म्हणावं, खिडकीतून बघत बसू नकोस. जा ना आता, उभ्या काय राहिलात?

ये गं, रोझली. ये, चहा टाकलाय. कोण? कोणी नाही गं. मोटरहोमवाले.