टिल्लूचे सोमवार

लीलाबाई : “बाबा, कुत्र्याचं पिल्लू वाढून नाई राहिलं, त्याले रोज कलेजी चारा.” आपल्या रागिणीनं फोनवर असं सांगतलं, अन् तुमी मले आज सांगून राहिले? अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात बसून?

खुशालराव : तू घरात अंडं येऊ देत नाई, कलेजी कशी सांगू? गोठ्यामागं चारत होतो. पण तुह्या उपासाच्या दिवशी नाई बरं.

लीलाबाई : मोठे धर्मात्मा.

खुशालराव : मले तर वाटलं, टिल्लू बी तुह्यासंगं सोमवार धरते. सोमवारी, एकादशीले कसा शहाण्यासारखा खेळते. बाकीच्या दिवशी खाल्लं का गोल गोल फिरते, भितीले डोकं टेकवून उभा राह्यते.

लीलाबाई : देवघराची भीत होती ती. मी म्हटलं, नमस्कार करून राहिला. कुंकू लावलं त्याले.

डॉक्टर : काका, कोणत्या दिवशी बरा असतो म्हणालात?

खुशालराव : हिच्या उपासाच्या. तवा त्याले नुसता दहीभात राह्यते.

डॉक्टर : मग आमच्याआधी काकूंच्या उपासांनीच निदान केलं. याचं उपाशीपोटीचं अन् खाल्ल्यानंतर दोन तासांचं रक्त पाहिलं, सोनोग्राफीही केली. लिव्हर शंट आहे. आतड्यांतलं रक्त यकृतात गाळून पुढे जायला हवं. याची एक शीर जन्मापासूनच यकृताला टाळून जाते. मग मांसातून तयार होणारं विष तसंच मेंदूत चढतं.

खुशालराव : म्हंजे पाट फुटला. पाणी वाफ्यात गेलंच नाई. अन् मी वरून खत टाकून राहिलो होतो.

लीलाबाई : वाचन का जी तो, बाई?

डॉक्टर : दोन महिने नीट सांभाळलात, तर ऑपरेशन करून ती शीर बंद करता येईल. मांस पूर्ण बंद. सिरप लिहून देते. मऊ भात, थोडं पनीर, दिवसातून पाच वेळा. पहिला घास पहाटे पाचला. फार वेळ उपाशी ठेवायचं नाही.

खुशालराव : तेच अवघड हाय. हिची पूजा सात वाजेवरी चालते, अन् पूजेआधी आमच्या घरी गॅस पेटत नाई. सव्वीस वर्षं झाली, सकाळचा चहा वाट पाह्यते.

लीलाबाई : तुमाले शंट नाई. बाई, पाचला देतो मी. शब्द हाय माहा.

(परतवाडा. दुसऱ्या दिवशी, पहाटेचे पाच.)

खुशालराव : घंटी तर वाजली नाई, अन् गॅस पेटला? मंग माहा चहा?

लीलाबाई : तुमचा पूजेनंतर. हळू बोला, तो जेवून राहिला.