पांढऱ्या दगडांचं रिंगण

आदरणीय अध्यक्ष आल्बर्टसर, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती तुळशीदासभाऊ, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या नर्मदावहिनी, आणि कळंब-गिरीजहून उन्हातान्हात आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

तुळशीदासभाऊंनी राखणदार म्हणून आपला राखीव माळ एकोणीस वर्षं सांभाळला. शाल-श्रीफळ झालं, कौतुकही झालं. मला मात्र माळाच्या कमिटीला माहीत नसलेलं काहीतरी सांगायचं आहे. सर, पंखा जरा हळू कराल का? कागद उडतोय.

माझ्या लहानपणी मे महिन्यात आम्ही या माळावर करवंदं तोडायला जायचो, तर पायाजवळून ससा उठायचा. चंडोल गात गात सरळ वर चढायचा. आता तिन्ही बाजूंनी इमारती आहेत आणि टिटवीची एकच जोडी उरली आहे. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या मातीत चार अंडी घालते, अगदी खड्यांसारखी. भर उन्हात पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. तेवढ्यासाठी तुळशीदासभाऊ माळावरचं मातीचं कुंडं रोज पाण्यानं भरायचे.

तीन उन्हाळ्यांपूर्वी, फिरणाऱ्यांचा पाय पडू नये म्हणून, मी अंड्यांभोवती पांढरा रंग दिलेल्या दगडांचं रिंगण मांडलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रुमालावरसुद्धा नाव भरायला लावायच्या. खूण केली की वस्तू हरवत नाही, हे डोक्यात इतकं पक्कं! चौथ्या दिवशी रिंगणात नुसती टरफलं होती.

"टीचर," तुळशीदासभाऊ म्हणाले, "तुमी तर पाटीच लावली. कावल्यांना वाटलं, पंगत मांडलीय."

मला रडू आलं.

"रडून काय व्हनार? दगड उचला आधी."

कमिटीला त्यांनी सांगितलं, "माझंच लक्ष नवतं." त्यांना मेमो मिळाला. आल्बर्टसर, तो मेमो माझा होता. मी तेव्हा याच सभागृहात, तिसऱ्या रांगेत, गप्प बसले होते.

आज सकाळी तुळशीदासभाऊंनी मला माळावर नेलं. एका जागी थांबून विचारलं, "दिसतात?"

"नाही हो."

"मंग बरं हाय."

वाकून पाहिलं तेव्हा पावलापासून हातभर अंतरावर चार अंडी होती. पिल्लं बाहेर यायला अजून नऊ दिवस आहेत, असं ते म्हणाले. आज ते निवृत्त झाले, उद्या लेकीकडे नाशिकला जाणार. त्यांच्या जागी माणूस नेमलेला नाही. कागद वर गेला आहे म्हणे. अंडी कागदासाठी थांबतील का? माळाजवळचं तळं आटलं आहे. मदत मागावी तर गर्दी होईल, मोबाईल बाहेर निघतील. न मागावी तर कुंडं कोरडं राहील. काय करावं, मला खरंच कळत नाही.

उद्या मी काठी आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन निघणार आहे. मघाशी नर्मदावहिनींनी माझ्या गुडघ्यांकडे बघून विचारलं, "पोचाल ना, टीचर?"

आपण शांतपणे ऐकलंत, आयोजकांनी मला बोलू दिलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. तुळशीदासभाऊ, त्या मेमोबद्दल तुमची सर्वांसमोर माफी मागते. टिटवीची कशी मागू?

आणि एक विनंती. अंडी कुठे आहेत, हे जाताना मला कोणी विचारू नका.