नाव गाळलं म्हणून

हॅलो?… हो, मीच. अगं, इथेच आहे ती, माझ्या दुकानात… शाळेतून सरळ आली. आली ती कापड बेतायच्या टेबलाखाली जाऊन बसली… नाही, रडत नाहीये. बटणं निवडतेय. मोठी बहीण ना मी तुझी, मग तुझी पोर माझ्याकडे आली तर जीव एवढा टांगणीला कशाला?

थांब, मशीन बंद करते. काही ऐकू येत नाही… हां, बोल.

हो… हो… म्हणजे काल धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या कार्यक्रमात वाचायला उभी राहिली… छान वाचत होती… आणि पैगंबरांचं, आपल्या नबींचं नाव आलं की गाळायची? प्रत्येक वेळी?… सगळ्या बायकांसमोर. हं. आणि सासूबाई काय म्हणाल्या?… बरं, त्यांचं राहू दे. तू काय म्हणालीस तिला?

उद्धट? आपली बिट्टी? अगं, जी पोर माझ्याकडे साधी सुई मागताना 'खाला, देता का' म्हणते… बरं, बरं. मध्ये नाही बोलत. बोल तू.

झालं बोलून? आता माझं ऐक. नाही, आधी ऐक ना. परवा जेवताना काय झालं होतं?… आठव जरा. वर्गात ऐकलेली नबींची गोष्ट तिला सांगायची होती. घास तोंडातच, आणि सांगायची घाई. नाव नुसतंच घेतलं, मागून त्यांना सलाम पाठवायचा, तो दरूद म्हणायचा राहिला. मग तू काय केलंस?… हळूच मारलंस? घास बाहेर पडला म्हणते ती… हो, तिनंच सांगितलं, आत्ता. मी विचारलं, नाव का गं गाळलंस? तर म्हणाली, घेताना चुकलं की मार बसतो. घेतलंच नाही तर चुकणार कसं?

बाळ रडतंय का मागे? जा, त्याला घे आधी. मी धरते फोन.

बिट्टी, ती मोठी बटणं कोटाची आहेत, वेगळी ठेव हं… काही नाही गं, अम्मीशीच बोलतेय… नाही, रागावलेली नाही ती.

आलीस? निजला?… मग राहू दे खांद्यावरच. हेच बघ ना. लहानपणी आपण दोघींनी ऐकलंय, नमाज पढवताना मागे कुणाचं मूल रडलं की नबी, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, नमाज आटोपती घ्यायचे. का? तर त्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून. आईची एवढी काळजी त्यांना. आणि त्यांच्याच नावावरून तू पोरीवर हात…

नाही, नाही. भलतं माझ्या तोंडी घालू नकोस. अदब नको असं मी कुठे म्हणतेय? तोंड रिकामं हवं, आवाज मऊ हवा, नाव आलं की दरूद हवाच. शिकवायचंच ते. पण आपल्याला अब्बांनी कसं शिकवलं, सांग… बसवून कधी शिकवलं? नाव घेताना त्यांचा आवाज खाली यायचा, डोळे भरायचे, आणि आपण बघत राहायचो. तू तर डोक्यावर टॉवेल घेऊन त्यांची नक्कल करायचीस… करायचीस, हसू नकोस. त्यांनी उगारला कधी हात?

खरं सांग. तो हात नबींच्या प्रेमापोटी उठला, की सासूबाई समोर बसल्या होत्या म्हणून?

रडू नकोस. अगं, बाळ उठेल… माहीत आहे मला, तुझं किती प्रेम आहे त्यांच्यावर. मला नाही तर कुणाला माहीत असणार? पण ते तिला कळायला नको का? ज्या नावानं धीर यायचा, त्याचीच तिला धास्ती बसलीय, छोटी. मला फार वाईट वाटतंय गं.

आणि तुझ्या लक्षात आलं नाही ते सांगते. वर्गात शिकवणाऱ्या बाई सकाळी शिवायला टाकलेला कुर्ता न्यायला आल्या होत्या. काल त्या बिट्टीच्या शेजारीच उभ्या होत्या ना… त्या म्हणाल्या, नाव गाळायची, पण मागचा दरूद पुटपुटायची. ओठ हलत होते. एकदाही सोडला नाही… हो. नाव नाही, नुसताच दरूद.

पूस बघू डोळे.

नाही, मी आणून सोडणार नाही. तूच ये… स्वयंपाकाचं राहू दे, बाळाला घे आणि ये… तिला समजावू नकोस, भाषण तर मुळीच नको. तिनं मला एक विचारलंय. मी म्हटलं, अम्मी आली की तिलाच विचार. उत्तर मलाही देता आलं असतं, पण तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

काय विचारलं?… हळू बोलते, ती इथेच आहे.

म्हणाली, खाला, मी नाव तर घेतलंच नाही… मग माझा सलाम त्यांना पोहोचला असेल का? तो त्यांच्यासाठीच होता, हे त्यांना कळलं असेल का?

हो… हो गं… ये. सावकाश ये, जिना ओला आहे. ठेवते.