पोतं आत गेल्यावर

...अहो, अट बरोबरच होती! अटीबद्दल माझी तक्रारच नाही. पण ती तपासायची केव्हा? तुम्हीच सांगा, केव्हा?

मी जागेश्वर पटले, सौंदडचा. घरी धानाची शेती, आणि संगणकाची एक भाषा पुस्तकं वाचून वाचून एकट्यानं शिकलो. दोन हजार अकरा साली त्या भाषेची नियमावली नव्यानं लिहून राहिले होते, कोणीही सूचना धाडा म्हणाले, म्हटलं, कोणीही म्हणजे मीही! त्यात एक नवा नियम होता. एखाद्या प्रकाराला अट लावायची आणि त्यातून उपप्रकार काढायचा. म्हणजे कसं, धानाचं पोतं हा प्रकार, आणि सतरा टक्क्यांच्या आत ओलावा असलेलं पोतं हा उपप्रकार. पोतं आत घेताना अट तपासतात. झकास! पण तुम्हाला सांगतो, आत गेल्यावर त्याच पोत्यावर कोणी बादलीभर पाणी मारलं तर? पोतं तेच, बदलला फक्त त्याचा एक भाग, ओलावा... आणि कोणी बघतच नाही! अट आहे हो, पण तपासायची केव्हा?

कळवलं. नियमावली लिहिणाऱ्या समितीतल्या एका साहेबाचं उत्तर आलं: 'मुद्दा विचार करण्यासारखा आहे. नेमकं वाक्य आणि एक उदाहरण गुरुवारी तुमच्या चार वाजेपर्यंत द्या. नंतर या नियमावरची चर्चा बंद.' माझं वाक्य! जगाच्या नियमावलीत! आठ दिवस वहीत तेच एक वाक्य. 'भाग बदलला की तपासा' लिहावं, तर दोन भाग जोडीनं बदलणारा माणूस पहिला बदलताच अडकतो. 'सगळं झाल्यावर तपासा' लिहावं, तर सगळं झालं हे ठरवणार कोण? आमची सुशिलाबाई म्हणे, 'काऊन जी, आठ दिसापासून एकच ओळ लिहून राहिले? लोकायची पोथी होते एवढ्यात!' पण जमलं. उदाहरणही चार वेळा तपासलं, सोळा ओलाव्याचं पोतं आत, मग पाणी, मग वीस. बिनचूक!

गुरुवारी बस धरून अर्जुनी मोरगाव गाठलं. चुन्नीलालचं इंटरनेटचं दुकान. तीन चाळीस. आणि चारला लाइन जायची! पान उघडेना, ते गोल चक्र आपलं फिरून राहिलं, फिरून राहिलं, चुन्नीलाल डोक्यावर उभा, 'भैया, जल्दी करो, चार बजे बत्ती गुल!' एकदाचं उघडलं. तीन पंचावन्न. वहीतलं सगळं उतरवलं, आता फक्त बटण दाबायचं... आणि माझी नजर गेली सतरावर. सतरा? साहेब काय म्हणतील, यांच्याकडचा धान इतका ओला? आपल्या भागाची काही इज्जत आहे की नाही! अटीतला सतरा खोडला, चौदा केला, बटण दाबलं. पंखा थांबला. 'गया क्या?' 'गया!' अंधारात दोघांनी हात मिळवले.

तीन दिवसांनी उत्तर: 'तुमची अट चौदाची, पोतं सोळाचं. ते दारातच अडतं. आत गेल्यावर काय होतं, ते दिसतच नाही. नियम आहे तसाच ठेवला आहे. मात्र खाली टीप जोडली आहे: भाग बदलल्यास पुन्हा तपासून घेणे ही लिहिणाऱ्याची जबाबदारी.'

सुशिलाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'तं मंग आखरीले बदलवलं, तवा पुन्हा पाहून कायले नाही घेतलं?'

म्हटलं, 'घरून निघताना तपासलं होतं.'