उणे साडेचार

जमलेल्या काका-काकूंनो, ताई-भाऊंनो, आणि मागे दारापाशी दाटीनं उभ्या असलेल्या, बाईंनी शिकवलेल्या लेकरांनो,

मला सांगितलं गेलं की प्रज्ञा, तू बोल, तू शिकलेली आहेस. शिकलेल्या माणसाला शोकसभेत शब्द सापडतात, असं कुणी ठरवलं? तरी बोलते. थांबले तर थांबू द्या.

आज विहाराच्या या हॉलमध्ये आपल्या गल्लीतले जवळजवळ सगळे आहेत. काही पाहुणे शंकर नगरहून आलेत, काही बाईंच्या जुन्या शाळेतून. त्यांच्यासाठी सांगते. शकुन मेश्राम बाई सरकारी शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवायच्या. रिटायर झाल्यावर बूढ़ापाऱ्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर रोज संध्याकाळी शिकवायच्या. मराठी घरातली पोरं त्यांना बाई म्हणायची, मग बाकीची हिंदी बोलणारीही म्हणू लागली. एकदा गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका भाभींनी विचारलं, "आपकी बाई बर्तन भी करती है क्या?" बाई ओट्यावरच बसल्या होत्या. म्हणाल्या, "बर्तन नहीं जी, भागाकार घासून देते." भाभींना निम्मंच कळलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा ओट्यावर होता.

आणि गल्लीचे नंबर. पाहुण्यांनी येताना दारांवर गेरूनं लिहिलेले आकडे पाहिले असतील. ते नगर निगमचे नाहीत. ते बाईंचे आहेत. पोरांना पूर्णांक कळेनात, उणे तीन मोठी की उणे सात यात सगळे अडखळायचे, म्हणून बाईंनी गल्लीचीच संख्यारेषा केली. त्यांचं दार शून्य. रस्त्याकडची घरं अधिक एक, अधिक दोन. तलावाकडची उणे एक, उणे दोन. पुढे सिलेंडरवालाही ओरडायचा, "उणे तीन, सिलेंडर ले लो!" त्याला मराठीतला हा एकच शब्द येतो.

आमचं घर उणे सहा. माझी आई तेव्हा भांडायला गेली होती. आई, सांगू ना? तलावाकडे पाणी भरतं, तिकडची घरं लहान, अधिककडची पक्की. आईला वाटलं, हे वरून आणखी डिवचणं. म्हणाली, "बाई, आम्हीच काहून उणे?" बाईंनी तिला ओट्यावर बसवलं. म्हणाल्या, "वहिनी, उणे सहा शून्याहून लहान आहे, ते खरं आहे. मी खोटं नाही सांगत. पण माह्या दारापासून चालून पाहा. अधिक सहावाली जितकी दूर, तितक्याच तुम्ही दूर. पायपीट दोघींले सारखीच." आई उठून घरी आली. मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली, त्या दिवशी आई पेढे घेऊन निघाली. शून्यावर थांबली नाही. पुढे गेली, अधिक सहाच्या दारापर्यंत, जिथे ती त्याआधी कधीच गेली नव्हती.

हे मी बाईंचा मोठेपणा सांगायला बोलत नाही. मोठेपणा सांगून काय होतं? माणूस तर गेला.

मला पायलबद्दल बोलायचं आहे.

पायल तुम्हाला माहीत आहे. रमेशभैयांची मुलगी. हे कुटुंब आलं तेव्हा गल्लीत जागाच नव्हती. उणे चार आणि उणे पाच यांच्या मधे एक बोळ होती, तिच्यावर पत्रे टाकून खोली केली होती. तिथे ते राहिले. पोरं हसली, बोलली की ह्यांना नंबरच नाही. बाई स्वतः गेरूचा डबा घेऊन गेल्या आणि पत्र्याच्या दारावर लिहिलं, उणे साडेचार. पोरांना म्हणाल्या, "कोणत्याही दोन संख्यांच्या मधात आणखी एक संख्या असते. त्या दोघींच्या मधात आणखी एक. जागा कधी संपत नाही. लिहा वहीत, परिमेय संख्या." त्या दिवसापासून पायल गल्लीची परिमेय संख्या झाली. बाई विचारायच्या, "उणे चार आणि उणे पाचच्या मधात कोण?" आणि ती हात वर करून म्हणायची, "हमारा घर!" बाई म्हणायच्या, "बरोबर." मग म्हणायच्या, "आता बटा करून सांग." मग ती सांगायची, ऋण नौ बटा दो, म्हणजे उणे नऊ छेद दोन. रोजचा खेळ होता त्यांचा.

पायल आठवीच्या गणितात राहिली, नापास झाली. रमेशभैया म्हणाले, बस झालं, हिला गोंदियाला माझ्या बहिणीकडे पाठवतो, तिचं लेकरू लहान आहे, सांभाळेल. बाई त्यांच्या दारात जाऊन बसल्या. शेवटी ठरलं असं, की पूरक परीक्षेत पास झाली तर नववी, नाही झाली तर गोंदिया. त्या दिवसापासून पायल दुपारीही ओट्यावर असायची.

मी एकदा सुट्टीच्या दिवशी गेले तेव्हा प्रायिकता, म्हणजे संभाव्यता, चालली होती. बाईंनी चिंचोके फोडून त्यांच्या डाळी केल्या होत्या, एक बाजू पांढरी, एक काळी. पायल फेकत होती आणि लागोपाठ काळीच बाजू पडत होती. ती वैतागून म्हणाली, "अब तो सफेद आएगा ही।" बाई म्हणाल्या, "काहून येईल? चिंचोक्याले मागचं आठवत नाही, पोट्टी." ती म्हणाली, "तो फिर काला आएगा?" बाई म्हणाल्या, "तेही नाही. मागं काय पडलं त्याच्यावर पुढचं ठरत नसते. तू फेक."

पुढे काय झालं ते तुम्ही जाणता. सकाळी बाईंनी ओटा झाडला, दारात टेकल्या, आणि तिथेच गेल्या. पायलचा पेपर दोन दिवसांवर होता.

ती पेपरला गेली. रडून डोळे सुजलेले, पण गेली. परत आल्यावर मला म्हणाली, "दीदी, बाईवाला सवाल आया था।" उणे चार आणि उणे पाच यांच्या मधली एक परिमेय संख्या लिहा. मला इतकं बरं वाटलं. मी विचारलं, "मग काय लिहिलंस?" ती म्हणाली, "हमारा घर।"

मी तिला म्हटलं, "अगं, संख्या लिहायची होती." ती म्हणाली, "बाई तो सही बोलती थी।" आणि मग तिचं तिलाच कळलं. बाई 'बरोबर' म्हणून थांबत नसत. पुढचं वाक्य त्या म्हणत. 'आता बटा करून सांग.' पेपरात ते वाक्य छापलेलं नव्हतं.

काल निकाल लागला. पायल पुन्हा राहिली.

त्या एका उत्तरानं राहिली की आणखी कशानं, मला माहीत नाही. तपासणाऱ्याची चूक नाही. त्याला काय माहीत, आमच्या गल्लीत खरंच उणे साडेचारवर एक मुलगी राहते म्हणून? त्यानं फुली मारली. मी असते तरी मारली असती. पण तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. जे उत्तर जगात फक्त आमच्या गल्लीत बरोबर होतं, ते बरोबर म्हणणारं एकच माणूस होतं, आणि ते गेलं.

काल मी रमेशभैयांकडे गेले. ते इथे आहेत, त्या खांबाजवळ. भैया, मी तुम्हाला खाली पाहायला लावायला बोलत नाही. तुम्ही ठरल्याप्रमाणेच वागत आहात. मी त्यांना म्हटलं, मी शिकवते तिला. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. म्हणाले, "दीदी, बाई होत्या तं भरोसा होता. तुम्ही सकाळी निघता, अंधार पडल्यावर येता. उद्या लग्न होईल, चालल्या जाल. मी पोरीले कोनाच्या भरोशावर ठेवू?" मी उत्तर शोधलं. खरंच शोधलं. मला सापडलं नाही.

लोक मला दोन आठवड्यांपासून म्हणत आहेत, आता ओटा तूच सांभाळ. कोणता ओटा? बाईंच्या पुतण्यानं घर विकायला काढलं आहे. त्याचा हक्क आहे. परवा त्यानं दारावर चुना फिरवला. शून्य गेलं. अधिकचे आकडे आहेत, उणेचे आहेत, मधलं दार कोरं आहे. लहान पोरांनी मला विचारलं, दीदी, अब कहाँ से गिनेंगे?

मी बाईंचं काम पुढे चालेल असं वचन इथे देणार नाही. अशा सभेत ते देतात, टाळ्या होत नाहीत पण माना हलतात, आणि मग सगळे चहा घेऊन घरी जातात. पायल आत्ता इथे नाही. ती सामान बांधत आहे. उद्या सकाळची गाडी आहे. नववी शिकली असती तर ती आयुष्यात पुढे गेलीच असती असंही मी म्हणणार नाही. बाईंनी मला तसं बोलू दिलं नसतं. काळा पडेल की पांढरा, कुणाला माहीत. पण तिच्या हातातून चिंचोका काढून घेतला जात आहे, एवढं मला दिसतं आहे. आणि मी पाहत आहे. आपण सगळेच पाहत आहोत.

आता मौन पाळायचं आहे. त्याआधी एवढंच.

बाई प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तर घ्यायच्या नाहीत. तळहात वर करायच्या आणि म्हणायच्या, "ज्याले आलं त्यानं चूप राहावं. ज्याले नाही आलं, त्याच्यासाठी थांबा." हुशार पोरं चुळबूळ करायची. बाई थांबायच्या. ओट्यावर इतकी शांतता व्हायची की तलावाकडचा आवाज ऐकू यायचा. शेवटच्या पोराच्या चेहऱ्यावर काही उमटेपर्यंत त्यांचा हात खाली यायचा नाही.

आजचं मौन तसं पाळू या. प्रश्न रमेशभैयांनी विचारलेला आहे. कोणाच्या भरोशावर? मला उत्तर आलेलं नाही. तुमच्यातल्या कुणाला आलं असेल तर आत्ता बोलू नका. चहाच्या वेळी माझ्याकडेही येऊ नका. सरळ उणे साडेचारवर जा. गाडी सकाळची आहे.

बाई, तुमचं दार कोरं आहे. आम्ही कुठून मोजायचं?

उभे राहा. मी हात वर करते आहे. माझ्यासाठी थांबा.