पाण्याची ओळ

हरिदास: अग्रलेख सांगतो, लिहून घे, रेवती, हिंदी मागाहून करू. 'हे पाक्षिक आजवर कुणापुढे वाकलेलं नाही आणि यापुढेही वाकणार नाही.'

रेवती: काका, कोपर काढा. टेबल वाकतंय. त्या पायाखाली मागचे अंक ठेवलेत ना, ते सरकले.

हरिदास: ठेव परत. खपले नाहीत तर निदान आधाराला तरी येतात. पुढचं वाक्य घे.

रेवती: मी अग्रलेख घ्यायला नाही आले. पानिपतहून परस्पर इथे आलेय, नोएडाला. घरी लक्ष्मीबाई नगरला पण नाही गेले, आई ओरडणारे.

हरिदास: मराठी माणूस पानिपताहून परत आला की बातमी चांगली नसते. अडीचशे वर्षांचा अनुभव आहे. बोल, किती मोती गळाली?

रेवती: माणूस भेटला. बांधकामावर काँक्रीटचा मिक्सर चालवायचा तो. आता घोंगड्यांच्या गिरणीत लागलाय. आधी म्हणाला, मी कधी गुडगाव पाहिलंच नाही. मग मी समोरच्या ढाब्यावर बसून राहिले, तर संध्याकाळी आपणच आला आणि सगळं बोलला.

हरिदास: सगळं म्हणजे काय? नीट क्रमानं सांग. मी सरकारच्या माहिती खात्यात तीस वर्षं काढली, मला 'सगळं' या शब्दाची भीती वाटते.

रेवती: त्या नव्या टॉवरच्या तळघराचा खड्डा. कडेची भिंत ओली होती, मजूर सांगत होते आज आत नको, तरी मॅनेजरनं उतरवलं. भिंत आली. खाली बळवंत होता. टेम्पोतून नेला त्याला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दम दिला, की विचारलं तर म्हणायचं असा कुणी माणूसच नव्हता.

हरिदास: आणि फाटकावरचा चहावाला हेच म्हणाला होता. दोघं एकमेकांना ओळखतात?

रेवती: बिल्कुल नाही. हा चहाच पीत नाही.

हरिदास: मग झालं की. एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं एकच सांगतात, म्हणजे आपल्या नियमात बसलं. तो मॅनेजर मला फोनवर इंग्रजीत सांगत होता, बळवंत हा इसम आमच्या नोंदीत नाही, तो त्याच्या गावी तापानं गेला असावा. 'असावा' म्हणाला. माणूस गेला याची खात्री आहे, फक्त जागेबद्दल शंका. आता छापू. मोठ्या पेपरांत पहिल्या पानावर त्याच टॉवरची जाहिरात आहे, पोहण्याचा तलाव वगैरे. आपल्या पहिल्या पानावर बळवंत. तू अशी का बसलीस?

रेवती: पाण्याची ओळ जातेय, काका.

हरिदास: कुठे जातेय?

रेवती: शेवंताताई म्हणाली होती ना, बळवंतला बाहेर काढला तेव्हा त्याच्यात जीव होता. त्यानं पाणी मागितलं. तिनं हातानं पाजलं, आणि मग तो गेला. ते झालंच नाही. मिक्सरवाला म्हणतो, बाहेर काढला तेव्हाच संपलं होतं. आणि ती तिथे नव्हतीच. तिला फाटकाशी अडवून धरलं होतं, टेम्पो जाईपर्यंत.

हरिदास: तो चुकत असेल. गडबडीत कोण कुठे होतं ते आठवत नाही.

रेवती: येताना वाट वाकडी करून गुडगावला गेले, चहावाल्याला परत विचारलं. तो म्हणाला, ती माझ्याच बाकड्याजवळ होती, दोन गार्डांनी धरली होती. टेम्पो तिच्या समोरून गेला. तिला त्यातून कुणाला नेतायत तेही माहीत नव्हतं.

हरिदास: हे त्यानं पहिल्या वेळी का नाही सांगितलं?

रेवती: आपण विचारलंच नाही. भिंत किती वाजता पडली, विचारलं. टेम्पो कुठल्या रंगाचा, विचारलं. पाण्याचं नाही विचारलं. का विचारणार, यार, ते ऐकून मी तिथेच रडले होते. आणि तुम्ही मथळा दिलात, 'एक ओंजळ पाणी'. वर घरात जाऊन कौशल्याकाकूंना वाचून दाखवलात, त्यांनी गॅस बंद करून ऐकला.

हरिदास: हं. म्हणजे मॅनेजरचं प्रत्येक वाक्य आपण चाळणीतून काढलं आणि तिचं एक वाक्य देव्हाऱ्यात ठेवलं.

रेवती: असं नका ना बोलू.

हरिदास: दुसऱ्या कुणाची चूक असती तर याहून चांगलं बोललो असतो.

रेवती: एक करू या? तिच्या तोंडी ठेवू. 'शेवंता सांगतात की'. आपण थोडंच म्हणतोय की झालं. ती म्हणतेय.

हरिदास: आपल्याला ठाऊक नसतं तर चाललं असतं. आता ठाऊक आहे. आता तिच्या तोंडी घालायचं म्हणजे आपलं ओझं तिच्या डोक्यावर ठेवून आपण मोकळे. कंपनीचा वकील काय करील? तिला उभी करील. बाई, पाणी कशात आणलं? कुणी पाहिलं? तुम्ही तर फाटकावर होतात. मग म्हणेल, ज्या बाईचं पाणी खोटं, तिचा नवरा तरी खरा कशावरून? आज बळवंत होता हे सांगणारे दोन जण आहेत. तो पुन्हा नव्हता होऊन जाईल.

रेवती: कळतंय मला. ओळ काढते. काढली. पण मग वाचून दाखवायचं राहू दे. या एका वेळी, काका, प्लीज.

हरिदास: ज्याच्यावर लिहिलं त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही. त्यासाठीच तर तिला आज बोलावलं. वर जेवतेय ती.

रेवती: नियम तुम्हीच केलाय, तुम्हीच मोडू शकता.

हरिदास: मंत्र्याच्या मेव्हण्यालासुद्धा त्याच्यावरचा लेख वाचून दाखवला होता मी. तो शिव्या देत होता आणि मी स्वल्पविरामांसकट वाचत होतो. त्याला वाचायचा आणि हिला नाही, कारण हिला वाईट वाटेल? मग तो नियम नव्हे, माझी हौस झाली.

रेवती: मी नाही वाचणार. सॉरी. ती माझ्याकडे बघत राहते वाचताना.

हरिदास: मी वाचतो. तुझं मराठी तसंही कनॉट प्लेसला उतरून पुढे रिक्षानं येतं.

रेवती: आणि तिनं विचारलं, पाणी कुठंय, तर?

हरिदास: उत्तर देईन.

रेवती: काय?

हरिदास: जा, बोलावून आण तिला. तेवढ्यात सुचेल.

(रेवती शेवंताला आत घेऊन येते. हरिदासकाका आपली खुर्ची हातरुमालानं पुसून तिला देतात आणि मग कचेरीत दुसरी धड खुर्ची नाही हे आठवून टेबलाशी उभेच राहतात. कचेरी म्हणजे घराखालचं गॅरेज; त्याच्या अर्ध्या भागात त्यांची स्कूटर आहे. रेवती तिच्या सीटवर टेकते.)

शेवंता: तुमी बसा की सायेब. मी हितं खाली बसते.

हरिदास: नको, वाचताना मला उभंच राहायची सवय आहे. बाई, आम्ही हिंदीत छापतो, पण तुम्हाला मराठीत सांगतो. जिथे चुकलं असेल तिथे थांबवायचं. संकोच करायचा नाही.

शेवंता: वाचा.

हरिदास: 'बळवंत, वय सुमारे तीस, मूळचे परभणी जिल्ह्यातले. गुडगावमधल्या एका नव्या गृहसंकुलाच्या बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली काम करत होते.'

शेवंता: हाताखाली नव्हं. सोता गवंडी व्हते ते. त्यांच्या हाताखाली दोघं व्हते.

रेवती: मिक्सरवालापण त्यांना मिस्त्रीच म्हणत होता, काका. मीच चुकीचं लिहिलं.

हरिदास: 'गवंडी होते.' केलं. पुढे. 'सकाळी मजुरांनी भिंत ओली असल्याचं सांगितलं होतं. तरीही त्यांना खड्ड्यात उतरवण्यात आलं.' बरोबर?

शेवंता: ह्यांनी सोता जाऊन सांगितलं व्हतं. त्यो म्यानेजर म्हनला, भ्या वाटत आसंल तर गावाला जाऊन पोळ्या लाट.

रेवती: हे मिक्सरवाल्यानंही ऐकलंय. घालू या, काका.

हरिदास: घालू. 'भिंत कोसळली. बळवंत तिच्याखाली सापडले. त्यांना टेम्पोतून हलवण्यात आलं. त्यांच्या पत्नी शेवंता यांना फाटकाशीच रोखण्यात आलं. कंपनीचं म्हणणं असं, की बळवंत नावाचा कोणीही माणूस तिथे कामाला नव्हता. एकमेकांना अपरिचित अशा दोन साक्षीदारांनी मात्र तो होता, आणि तिथेच गेला, असं आम्हाला सांगितलं.'

शेवंता: मंग?

हरिदास: एवढंच.

शेवंता: पानी न्हाई आलं त्यात.

हरिदास: ते... त्याचं असं आहे बाई, की पानावर जागा फार कमी असते. जाहिराती असतात. मजकूर कापावा लागतो. कधी कधी चांगली ओळसुद्धा...

रेवती: काका, आपल्याकडे जाहिरात कुठे असते?

हरिदास: एक होती. होळीच्या अंकात. लोणच्याची.

शेवंता: सायेब, मिक्सरवाला घावला का तुमाला?

हरिदास: घावला. पानिपतला.

शेवंता: बरा हाय का त्यो? त्याच्या पोरीला ताप व्हता.

रेवती: पोरगी बरी आहे, ताई. खेळत होती.

शेवंता: मंग त्यानं सांगितलं आसंल. मी न्हवतेच आत. फाटकातच धरली व्हती मला. टेम्पो गेला तवा मी बाजूला सरले, वाट दिली त्याला.

रेवती: ताई, मला माहीत असतं ना, तर मी असं...

शेवंता: तू रडू नगंस बाई. तुज्यामुळंच झालं ते.

रेवती: माझ्यामुळे?

शेवंता: मी बूथवरनं गावाला फोन लावला व्हता, सरपंचाच्या घरी. सासूला बोलवून आनली त्यांनी. विठाबाई नाव तिचं. येकुलता लेक. म्हातारी रडली न्हाई, काई न्हाई. कसं झालं, कोन व्हतं, काईच इचारलं न्हाई. येकच इचारलं. पानी तरी पाजलंस का गं त्याला? मी म्हनले, पाजलं. वंजळीनं पाजलं. ती म्हनली, बरं झालं, आन फोन ठिवला.

हरिदास: हं.

शेवंता: मंग हितल्या बायांनी इचारलं तर त्यास्नीबी तेच सांगितलं. सांगून सांगून मलाबी तसंच दिसाया लागलं. ही ताई लिवून घेत व्हती तवा मनात आलं, थांबवावं. पर ही आशी रडाय लागली की म्या म्हनलं, आता हिला कसं सांगावं, न्हाई पाजलं म्हनून.

रेवती: काका, तुम्ही बोला ना काहीतरी.

हरिदास: बाई, मी मघाशी जागा कमी आहे म्हणालो. ते खोटं होतं. जागा आहे. हवी तेवढी आहे. पण पाण्याची ओळ छापली तर कंपनीचा वकील तिच्यावरून तुमचं सगळंच खोटं ठरवील. तुमच्या मनातून ती काढा असं मी म्हणत नाही. फक्त कागदावरून काढतोय.

शेवंता: काढा की. तुमचं खरं हाय ते. ते व्हते, एवढं आलं पायजे. त्यो म्यानेजर मला तोंडावर म्हनला, तुजा नवरा व्हताच कवा?

हरिदास: येईल. नाव, गाव, हुद्दा, सगळं येईल. गवंडी, मोठ्या अक्षरात. मंत्रालयात पाठवतो, कामगार आयुक्तांकडे पाठवतो, दिल्लीतल्या प्रत्येक पेपरच्या टेबलावर जाईल असं बघतो. तुमच्या गावीसुद्धा पाठवतो, सरपंचांच्या पत्त्यावर. शाळेतल्या मास्तरांना हिंदी येत असेलच, ते चावडीवर उभे राहून मोठ्यानं वाचतील. तुमच्या सासूबाईंना कळू दे, आपला मुलगा कोण होता आणि कसा...

शेवंता: सायेब.

हरिदास: बोला. काय घालायचं राहिलं?

शेवंता: काई न्हाई. समदं बराबर हाय. छापा, दिल्लीला समद्यास्नी वाटा. निस्तं आमच्या गावाला तेवढं नका धाडू.