एक गाडी आत आहे

नाही, पण मी म्हणतो, काचेवर पार्किंगचा टॅग चिकटवायचा, फाटकाच्या दांडीसमोर गाडी उभी करायची, दांडी वर गेली की आत जायचं, यात भुताखेतांचा संबंध येतो कुठे? अख्खं कॉलेज टॅग लावून येतं-जातं, कुणाच्या गाडीत कुणी बसत नाही. माझ्याच बसतं. हसा, हसा, तुमचं काय जातंय... तुम्हाला थोडंच रोज संध्याकाळी वॉचमनकाकांच्या तोंडून ऐकावं लागतं, 'साहेब, एक गाडी आत आहे.'

त्याचं काय झालं, ही गाडी मुळात माझी नाही, दादाची. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, इथेच रसायनशास्त्राचा विभागप्रमुख, आणि मी त्याच आवारात ग्रंथालयात पुस्तकांवरची धूळ झटकणारा. दादा गेला. प्रयोगशाळेत, खुर्चीवर बसल्या बसल्या. गाडी खाली तळघरात, त्याच्या नेहमीच्या खांबाशेजारी. ती मीच बाहेर काढली, आणि वहिनी म्हणाल्या, 'भाऊजी, दारात गंजण्यापेक्षा तुम्ही चालवा.' आता वहिनींना नाही कोण म्हणणार? काचेवर दादाचा टॅग होताच, ऑफिसने मला माझा दिला, तो मी त्याच्या शेजारी चिकटवला. इथे माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. दोन भाऊ शेजारी शेजारी, आणि जन्मात पहिल्यांदा न भांडता.

सकाळी दांडीपाशी गेलो तर वरची विजेची पाटी पेटली, 'सुस्वागतम, विभागप्रमुख, रसायनशास्त्र.' आणि त्याच्या खाली, 'सुस्वागतम, ग्रंथालय सहायक.' म्हणजे मेल्यावरसुद्धा हा वरच, आणि मी आपला खाली.

संध्याकाळी मी निघालो, घरी पोचतो न पोचतो तोच वॉचमनकाकांचा फोन. म्हणजे बघा, त्यांनी शटर केव्हा ओढायचं, तर कॉम्प्युटरवर आतल्या गाड्या शून्य दिसतील तेव्हा. आणि शून्य काही दिसेना. 'साहेब, एक गाडी आत आहे. तुमच्या बंधूंची दाखवतंय. मी बॅटरी घेऊन सगळं खालीवर फिरलो, खांबामागे बघितलं, गाडी नाही. पण आहे.' नाही पण आहे... आता याला माणसाने काय म्हणावं? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काका बॅटरीबरोबर शिट्टीही घेऊन गेले. म्हटलं, शिट्टी कशाला? तर म्हणे, 'असलेली बरी.'

आणि मला घाम फुटायचं कारण वेगळंच. दादा कधी वेळेवर घरी गेला नाही. कधीच. रोज वहिनींचा मला फोन, 'भाऊजी, तुमचे बंधू निघाले का?' मग मी जिना उतरून तळघरात डोकवायचं आणि सांगायचं, 'नाही वहिनी, गाडी आत आहे.' वर्षानुवर्षं हेच. तिकडे त्यांची आमटी पुन्हा पुन्हा गरम होतेय, इकडे हा परीक्षानळीत डोळे घालून बसलाय. आता तेच वाक्य काका मला ऐकवतात. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवायला माझा हात धजावत नाही, ठेवलीच तर आधी 'सरक रे' म्हणतो. वेड लागायची वेळ आली.

गेलो पार्किंगच्या ऑफिसात. तिथल्या बाईंनी मान वर न करता ऐकलं. 'यंत्र आत घेताना दोन्ही टॅग वाचतं. बाहेर सोडताना आधी दिसेल तो एकच. तुमचा आधी दिसतो, म्हणून तुम्ही बाहेर, ते आत. जुना काढून टाका.' म्हटलं, काढून कुठे देऊ? 'द्यायचा नसतो. खरवडला की त्याचे तुकडेच होतात, तसाच बनवलाय. आणि उद्यापर्यंत काढा, नाहीतर तुमच्या गाडीचा प्रवेश बंद करावा लागेल.' किती सोपं... खरवडा.

दुसऱ्या दिवशी वहिनी बरोबर होत्या. दादाचं सामान प्रयोगशाळेतून न्यायचं होतं, चष्मा, ॲप्रन, डबा. सकाळी पाटी पेटली तशी त्या बघतच राहिल्या. संध्याकाळी डबा मांडीवर घेऊन गाडीत बसल्या, आणि मी खिशातून ब्लेड काढलं. सगळं सांगितलं त्यांना. कॉम्प्युटर, काका, शिट्टी, सगळं. वाटलं, आता रडतील.

'म्हणजे हे रोज आतच राहतात?'

'हो वहिनी. मशीनच्या लेखी.'

'मग आधी यांना घरी तर न्या, भाऊजी. आत असताना कसले खरवडताय?'

मी डोळे पुसले, ब्लेड उचललं, आणि माझा टॅग खरवडला. खरंच तुकडे झाले हो, सगळे मांडीवर. दांडीपाशी आलो. यंत्राने जरा विचार केला. मग पाटी पेटली, 'विभागप्रमुख, रसायनशास्त्र. सुखरूप घरी जा.' दांडी वर गेली. वहिनींनी घड्याळात बघितलं, पदराने डबा पुसला आणि एवढंच म्हणाल्या, 'आज वेळेत निघाले.'

तेव्हापासून वहिनींचं ठरलंय, तो टॅग काढायचा नाही. ऑफिसातल्या बाईंनाही काचेवर एकच टॅग दिसतो, त्या खूश. दादा रोज सकाळी येतो, दिवे लागायच्या आत घरी जातो. सगळं मार्गी लागलं म्हणायचं.

फक्त वॉचमनकाकांच्या कॉम्प्युटरवर शून्य अजून येत नाही, ते बॅटरी घेऊन फिरतात. काल मी निघालो तर काचेवर टकटक केली, घसा खाकरला आणि म्हणाले, 'साहेब, एक गाडी आत आहे.'

म्हटलं, 'माहितीये काका. मीच आहे तो.'